मेनूचा क्रम आपोआप बदलू नये

प्रोग्रामने वापरणाऱ्याची सवय ओळखून नेहमीचे पर्याय आपोआप वर आणावेत, असं काहीजण म्हणतात; हिशेबाच्या कामासाठी हा मुद्दा मला अजिबात पटत नाही. हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर होऊन गेलाय. मायक्रोसॉफ्टने ऑफिस २००० मध्ये कमी वापरातले पर्याय मेनूतून लपवायला सुरुवात केली. खालच्या दुहेरी बाणावर क्लिक केलं की पूर्ण यादी उघडायची, पण मध्येच नव्या ओळी घुसल्यामुळे नेहमीचे पर्यायही जागचे हलायचे. शेवटी २००७ च्या आवृत्तीत वर्ड-एक्सेलमधल्या त्या मेनूंच्या जागी रिबन, म्हणजे वरची बटणांची पट्टी, आली.

याउलट टॅली या हिशेबाच्या प्रोग्रामवर सराईतपणे एन्ट्री करणारा माणूस बघा. नजर बिलावर असते आणि बोटं आपोआप एफ८ ला सेल्स, एफ९ ला परचेस उघडतात. स्क्रीन तिथेही बदलते, पण सांगितल्यावरच. एफ११ च्या सेटिंगमध्ये कॉस्ट सेंटर (खर्च कोणत्या विभागाचा हे नोंदवायची सोय) चालू केलं तर व्हाउचर, म्हणजे व्यवहाराची नोंद, भरताना त्याचा तपशील विचारला जातो, नाहीतर तो प्रश्नच येत नाही. मला हीच पद्धत योग्य वाटते: रकाने कामानुसार कमी-जास्त व्हावेत, कळा आणि क्रम मात्र स्थिर राहावेत.

आणखी एक गोष्ट. आमच्याकडे मार्चएण्डला शाखेतल्या नव्या मुलांना अर्धंअधिक काम फोनवरच शिकवावं लागतं. ‘वरून तिसरा ऑप्शन घे, मग एंटर’ असं सांगायचं, तर दोघांच्या स्क्रीनवर तिसरा ऑप्शन एकच हवा ना!