कमला सोहोनींची गोष्ट रामन यांच्या नकारापाशीच का अडते?

बकुळी:
जैवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींवर काहीही वाचायला घ्या, १९३३ सालचं बंगळूर आधी येतं. संचालक सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून टाटा इन्स्टिट्यूटमध्ये (आजची भारतीय विज्ञान संस्था) प्रवेश नाकारला, ती हटून बसली, शेवटी अटींवर घेतली. लेख तिथेच दमतो. केंब्रिजला तिने बटाट्यात सायटोक्रोम सी हे प्रथिन शोधलं, वनस्पतींच्या पेशींच्या श्वसनातलं त्याचं काम दाखवलं, अवघ्या चाळीस पानी प्रबंधावर १९३९ मध्ये पीएच.डी. मिळवली. हे मात्र एका ओळीत उरकतात. मला राग येतो. शास्त्रज्ञ बाईची ओळख तिला अडवणाऱ्या पुरुषावरून का व्हावी?

कोरडवाहू:
अजिबात पटलं नाही. त्या अटी वाचल्यात का? वर्षभर नियमित विद्यार्थिनी मानणार नाही. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्रीसुद्धा, काम करायचं. आणि तिच्यामुळे प्रयोगशाळेतलं वातावरण बिघडता कामा नये. ही शेवटची अट वाचून बारावी सायन्सला असलेली माझी मुलगी गप्पच झाली. मग म्हणाली, "म्हणजे ती नुसती तिथे असली तरी गुन्हा?" बटाट्यातलं प्रथिन तिला असं भिडलं नसतं. कमलाबाईंनी स्वतः हा अपमान उतारवयातही जाहीरपणे सांगितला. आपण कोण तो झाकणार?

बकुळी:
झाका कुठे म्हटलं? पुढे जा म्हणतेय. राजेंद्रप्रसादांच्या सूचनेवरून कमलाबाईंनी नीरेवर काम केलं. तिच्यात अ आणि क जीवनसत्त्वं, लोह सापडलं. कुपोषित आदिवासी मुलांची, गरोदर बायकांची तब्येत नीरेने सुधारते हे दिसलं. लेकीला हेही सांगून बघा.

शाईची दौत:
एक राहतंय. वडील नारायणराव आणि काका माधवराव भागवत दोघंही त्याच संस्थेतून शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. घरात एवढं पाठबळ, तरी दार बंद! ज्यांच्या घरी असं कोणीच नव्हतं, त्या मुली अर्ज करण्याआधीच गळल्या असणार. म्हणून नकार सांगायलाच हवा. फक्त "जिद्द असली की झालं" हे पालुपद नको, ते त्या मुलींवर अन्याय करतं.

कोरडवाहू:
हे पटलं. नीरेचं काल रात्री लेकीला वाचून दाखवलं. तिचा प्रश्न वेगळाच, "मग त्या अटींच्या वर्षात ती करत काय होती?" मार्गदर्शक श्रीनिवासय्यांच्या हाताखाली दुधातल्या, डाळींतल्या प्रथिनांवर काम, असं सांगितलं तर वही घेऊन बसली. बकुळीताई, पुढचं सगळं सांगेन, पण सुरुवात मी बंगळूरपासूनच करणार.