किलिमांजारो: पाच दिवसांचं पॅकेज नकोच

भाऊ, टांझानियातला किलिमांजारो पर्वत चढायला मारांगू रूटचं पाच दिवसांचं पॅकेज स्वस्त पडतंय म्हणून घेऊ का असं विचारलंत, तर माझं मत स्पष्ट आहे, नका घेऊ. आपलं नागपूर जेमतेम 300 मीटर उंचीवर आणि किलिमांजारोचं शिखर उहुरू पीक 5895 मीटर, एवढा फरक शरीराला इतक्या लवकर झेपत नाही, सेमिनरी हिल्सवर रोज पळणाऱ्यालाही वर डोकेदुखी, उलट्या होऊ शकतात, त्याचा फिटनेसशी फार संबंध नसतो. त्यापेक्षा लेमोशो रूटचं पॅकेज घ्या, सात-आठ दिवसांचं. त्यात लाव्हा टॉवरला 4600 मीटरपर्यंत चढवून झोपायला बारांको कॅम्पला 4000च्या खाली आणतात, शरीराला सवय होते ती अशीच. डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, घ्यायची तर डॉक्टरांना विचारूनच.

आणि टूरवाल्यांना पोर्टरबद्दल, म्हणजे सामान वाहणाऱ्यांबद्दल, नक्की विचारा, पगार किती देता, जेवण किती वेळा, झोपायला धड तंबू असतो का. नियमाने 20 किलोच्या वर ओझं द्यायचं नसतं पण पॅकेज स्वस्त करायचं म्हटलं की आधी त्यांच्याच पोटाला चिमटा बसतो. मला तर उंचीइतकाच हा मुद्दा महत्त्वाचा वाटतो. उत्तर द्यायला टाळाटाळ केली तर सरळ दुसरा ग्रुप बघा.