मदत हवी आहे: पायथन वाचलं की कळतं, पण स्वतःहून लिहिता येत नाही

वारजेपूल

नमस्कार मंडळी. यंदा बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स झालं, राहायला पुण्यात, वारज्यात. कॉलेजात सी आणि जावा होतं, पायथन व्हिडिओ बघून शिकलो. लूप, फंक्शन, डिक्शनरी, क्लास सगळं ओळखीचं आहे; दुसऱ्याचा कोड वाचला तर समजतो. पण रिकामी फाइल समोर आली की पहिली ओळ सुचत नाही. हिंजवडी, खराडीकडच्या फ्रेशर जागांना अर्ज करतोय. डेक्कनजवळचा एक क्लास सहा महिन्यांचे 40 हजार सांगतोय. रोज तीन तास देऊ शकतो. लॅपटॉप विंडोजचा आहे. क्लास लावू का? की पायथन सोडून जावा धरू?

तिसरा मजला

भाषा बदलू नका. पहिली ओळ सुचत नाही, कारण व्हिडिओत ती नेहमी दुसराच लिहितो. जावा धरलंत तरी सहा महिन्यांनी इथेच येऊन उभे राहाल.

एकच काम हातात घ्या आणि तडीला न्या: हाउसिंग सोसायटीच्या मेंटेनन्सची थकबाकी काढणं. दोन सीएसव्ही फाइली (साध्या मजकुराच्या, रकाने स्वल्पविरामाने वेगळे केलेल्या). एकीत फ्लॅट नंबर, मालकाचं नाव, दरमहा रक्कम. दुसरीत बँकेचं स्टेटमेंट: तारीख, तपशील, जमा रक्कम. उत्तर हवं ते एवढंच, की कुणाकडे किती बाकी आहे. 40 फ्लॅटची खोटी माहिती स्वतः तयार करा. खऱ्या रहिवाशांची नावं आणि व्यवहार गिटहबवर (कोड ठेवायची वेबसाइट) चुकूनही टाकू नका.

कोडच्या आधी कागदावर पाच फ्लॅटची थकबाकी हाताने काढा. ते करताना जे जे टप्पे पडले तीच तुमची फंक्शनं: फाइल वाचणे, फ्लॅट नंबर ओळखणे, रकमा जुळवणे, बाकी काढणे. मग पहिली ओळ आपोआप सुचते: फाइल उघडायची आणि पहिल्या पाच ओळी नुसत्या छापून बघायच्या. पांडाज (तक्त्यांवर काम करायची पायथनची लायब्ररी) सुरुवातीला नको, पायथनसोबत येणारं सीएसव्ही मॉड्यूल पुरे.

आता अडणार कुठे ते सांगतो, कारण शिकणं तिथेच आहे.

मराठी नावं. विंडोजवर ओपन फंक्शनला एन्कोडिंग (अक्षरं फाइलीत कुठल्या पद्धतीने साठवलीत ते) सांगितलं नाही तर पायथन सहसा विंडोजचंच ठरलेलं एन्कोडिंग घेतं. मग एकतर युनिकोड डीकोड एरर येते, नाहीतर नावांच्या जागी भलतीच चिन्हं उमटतात. दरवेळी एन्कोडिंग यूटीएफ-8 असं स्पष्ट लिहा. तयार झालेली फाइल एक्सेलमध्ये उघडायची असेल तर लिहिताना यूटीएफ-8-सिग वापरा, नाहीतर तिथे मराठी मोडतं. नावांचे रकाने सरळ रेषेत छापायला जाल तेव्हा आणखी एक दिसेल: 'पुणे' या शब्दाची लेन (लांबी मोजणाऱ्या फंक्शनचं उत्तर) 4 येते, कारण उकार आणि मात्रा वेगळ्या मोजल्या जातात.

रकमा. स्टेटमेंटात 1,25,000.00 असं येतं. ते थेट फ्लोटमध्ये (पायथनचा नेहमीचा दशांश आकडा) बदलायला गेलात की व्हॅल्यू एरर. स्वल्पविराम काढा आणि पुढे फ्लोट नव्हे, डेसिमल (दशांश आकडे अचूक ठेवणारा प्रकार) वापरा. फ्लोटमध्ये 0.1 अधिक 0.2 चं उत्तर 0.30000000000000004 येतं, पैशांच्या हिशेबात हे चालत नाही. डेसिमलला मजकूरच द्या. आधी फ्लोट करून मग दिलंत तर तीच घाण आत जाते.

फ्लॅट नंबर. यूपीआयच्या तपशिलात कुणी 'ए-304' लिहितं, कुणी 'ए 304', कुणी 'फ्लॅट ए304 जून'. रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे मजकुरातला ठरावीक साचा शोधणं, शिकायला याहून चांगला मुहूर्त नाही. जे जुळणार नाही ते गुपचूप टाकून देऊ नका, वेगळ्या फाइलीत काढा. सोसायटीच्या सेक्रेटरीला नेमकं तेच बघायचं असतं.

तारखा. 05/06/2024 म्हणजे आपल्याकडे 5 जून. पुढे पांडाजवर गेलात की ते मुकाट 6 मे समजतं. डेफर्स्ट (आधी दिवस) हा पर्याय ट्रू ठेवा, नाहीतर फॉरमॅट स्वतः सांगा. आणि सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करू नका: '3-4' हा फ्लॅट तिथे 3 एप्रिल होऊन बसतो. मग दोष कोडमध्ये नसतो आणि तुम्ही मात्र तासन् तास कोडच शोधत बसता.

एरर आली की ट्रेसबॅक (पायथन छापतं तो चुकीचा माग) खालून वर वाचा. शेवटच्या ओळीत चुकीचा प्रकार असतो, तिच्या वर फाइल आणि ओळ क्रमांक. पायथन 3.7 पासून ब्रेकपॉइंट हे फंक्शन आहे. अडलं त्या ओळीच्या आधी ते घाला, प्रोग्रॅम थांबतो, प्रत्येक व्हेरिएबलमध्ये आत्ता काय आहे ते विचारता येतं. पाच-सहा प्रिंट पेरण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

ओटा मार्केट

वरच्या प्रतिसादातलं काम पूर्ण झालं की तेच एसक्यूएलमध्ये (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) करा. फ्रेशरच्या मुलाखतीत पायथनइतकंच एसक्यूएल विचारतात आणि पोरं तिथेच घसरतात. एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस पायथनसोबतच येतो, वेगळं काही इन्स्टॉल करायला नको.

जूनचे पैसे न भरलेले फ्लॅट शोधताना हमखास होणारी चूक: फ्लॅटच्या टेबलाला पेमेंटचं टेबल लेफ्ट जॉइन करायचं (म्हणजे पेमेंट नसलेले फ्लॅटही राहतात) आणि 'पेमेंटचा महिना जून' ही अट व्हेअरमध्ये टाकायची. ज्याने पैसेच भरले नाहीत त्याच्या ओळीत पेमेंटचा महिना नल, म्हणजे रिकामा, असतो. नल जूनच्या बरोबरीचा ठरत नाही, म्हणून ती ओळ गळते. म्हणजे ज्यांना शोधायचं नेमके तेच यादीतून गायब! महिन्याची अट जॉइनच्या ऑनमध्ये घ्या आणि व्हेअरमध्ये फक्त 'पेमेंटचा क्रमांक नल आहे' एवढं ठेवा. हे कागदावर चार फ्लॅट काढून समजून घेतलंत की जॉइनचा कुठलाही प्रश्न येऊ दे.

ज्ञानप्रबोधिनी चौक

क्लासबद्दल बोलतो. अभ्यासक्रमाचा कागद माग आणि त्यात विद्यार्थ्याने स्वतः लिहायच्या कोडचे तास किती, त्यावर दुरुस्त्या कोण लिहून देतं, एवढंच विचार. उत्तर गुळमुळीत आलं तर 40 हजार घरात ठेव. 'नोकरीची हमी' म्हणत कुणी दोन वर्षांचा खोटा अनुभव बायोडेटात घालायला सांगितलं, तर तिथून सरळ ऊठ. पडताळणीत पीएफच्या यूएएनवरून (प्रत्येक नोकरदाराचा कायमचा खाते क्रमांक) आधीच्या नोकऱ्या बघतात. ऑफर हातात येऊनही जाते, आणि कधी रुजू झाल्यावरसुद्धा काढतात. या एका सल्ल्यापायी हुशार मुलांचं नुकसान होतं, म्हणून ठासून सांगतोय.

सी-डॅक (सरकारी संगणक संशोधन संस्था) कुणीतरी सुचवेलच. 1988 सालची पुण्याचीच संस्था, पीजी-डॅक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तिच्या पदव्युत्तर कॉम्प्युटिंग अभ्यासक्रमाचं नावही चांगलं आहे, प्रवेशाला सी-कॅट ही परीक्षा द्यावी लागते. पण पात्रतेत अभियांत्रिकीची पदवी किंवा एमसीए, एमएस्सी असं मागतात. तयारीला लागण्याआधी त्या तुकडीचं माहितीपत्रक नीट वाच.

तीन तासांपैकी दोन तास फक्त लिहायचं, अर्धा तास अडलेल्या गोष्टीचं अधिकृत डॉक्युमेंटेशन वाचायचं, उरलेल्या अर्ध्या तासात दुसऱ्याचा कोड. चॅटबॉटकडून एररचा अर्थ समजून घे, पण तयार फंक्शन मागू नकोस निदान तीन महिने. मुलाखतीत बोर्डवर लिहायला लावलं की उसनं लगेच उघडं पडतं.

वारजेपूल

सगळ्यांचे मनापासून आभार. क्लास तूर्त रद्द. दहा दिवस झाले, फाइली वाचून रकमा जुळतात. आता दोन ठिकाणी अडलोय.

1. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (या प्रोजेक्टपुरतं वेगळं पायथन) तयार झालं, पण पॉवरशेलमध्ये (विंडोजची कमांड खिडकी) ॲक्टिव्हेट करताना लाल अक्षरांत 'स्क्रिप्ट चालवायला बंदी आहे' असं येतं.

2. थकबाकीदारांची यादी देणारं फंक्शन आहे. ए विंगची यादी बरोबर येते. लगेच बी विंगसाठी तेच फंक्शन बोलावलं की बी च्या यादीत ए चे लोकही येतात. नुसत्या बी साठी चालवलं तर बरोबर! फंक्शनला दोन पॅरामीटर आहेत: विंग, आणि यादी ज्याची डिफॉल्ट किंमत रिकामी लिस्ट आहे.

तिसरा मजला

पहिलं सोपं. पॉवरशेलच्या एक्झिक्युशन पॉलिसीमुळे (स्क्रिप्ट चालू द्यायची की नाही याचा नियम) होतं. साधा कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि स्क्रिप्ट्स फोल्डरमधली ॲक्टिव्हेट डॉट बॅट चालवा.

दुसरं शेवटच्या वाक्यात तुम्हीच लिहून ठेवलंय. डिफॉल्ट किंमत फंक्शन बोलावताना दरवेळी तयार होत नाही. डेफची ओळ (जिथे फंक्शन सुरू होतं ती) चालते तेव्हा एकदाच होते. त्यामुळे ए विंगची नावं ज्या लिस्टमध्ये भरली, तीच लिस्ट बी ला मिळाली. खात्री करायची तर फंक्शनच्या आत पहिल्याच ओळीत यादीचा आयडी (त्या लिस्टचा ओळख क्रमांक) छापा: दोन्ही वेळा एकच आकडा येईल. उपाय: डिफॉल्ट नन (पायथनमधलं 'काहीच नाही') ठेवा, आणि आत 'यादी नन असेल तर नवी रिकामी लिस्ट' असं लिहा. डिक्शनरी आणि सेटलाही हेच लागू. आकडा, मजकूर, टपल डिफॉल्ट ठेवले तर हा त्रास नाही, कारण ते जागच्या जागी बदलता येत नाहीत.

तुमच्या बाबतीत तर ते पॅरामीटरच काढून टाका. फंक्शनने आत नवी लिस्ट बनवावी आणि रिटर्न करावी. मग पायटेस्टमध्ये (कोड तपासायचं पायथनचं साधन) एक टेस्ट लिहा, जी ए आणि बी एकामागोमाग बोलावते आणि बी च्या यादीत ए चा एकही फ्लॅट नाही हे तपासते. आधी जुन्या कोडवर चालवा, ती नापास व्हायला हवी. मग दुरुस्ती करून पुन्हा चालवा. दोन्ही पायऱ्यांची गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) वेगळी कमिट, म्हणजे नोंद, करा आणि संदेशात 'बग फिक्स' न लिहिता काय बिघडलं होतं ते लिहा. झालं की रेपोची लिंक इथे टाका, फ्लॅट नंबर ओळखणारं फंक्शन बघायचंय.