जेवणाचं अनुदान आणि महिन्याची मेस: तुमचे अनुभव लिहा

कॉलेजसाठी गाव सोडलेल्या मुलामुलींना पोटापाण्यासाठी सरकारकडून काही ना काही मिळतं. कुणाला वसतिगृहाची मेस, कुणाला 'स्वाधार' किंवा आदिवासी विद्यार्थ्यांसाठीच्या 'स्वयं' योजनेचे पैसे, कुणाला शिवभोजनची थाळी. किती मिळणार ते जीआरमध्ये असतं. हप्ता रखडला तेव्हा रात्री काय खाल्लं, ते तुम्ही लिहा. नाव नको, गाव आणि शिक्षण पुरे. सुरुवात मीच करते.

पुणे, अभियांत्रिकी (घर नांदेड जिल्ह्यात)
शासकीय वसतिगृहाच्या यादीत नंबर लागला नाही, म्हणून स्वाधारचा अर्ज भरला. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठीची ही योजना. मला मंजूर झाले वर्षाला 60,000 रुपये: भोजनाचे 32,000, राहण्याचे 20,000, निर्वाहाचे 8,000. कॉलेजचे दहा महिने धरले तर जेवणाला महिना 3,200 पडतात. त्यात दोन वेळची साधी मेस कशीबशी बसायची, तक्रार रकमेची नाहीच. मेसचे पैसे एक तारखेला द्यावे लागतात आणि हप्ता मात्र सत्र उलटून गेल्यावर येतो. भाडेकरार, बोनाफाईड, 75 टक्के हजेरीचा दाखला, सगळं वेळेत दिलं होतं. कार्यालयात उत्तर ठरलेलं, "निधी आला की जमा होईल."

तोवर मी एकाच वेळचा डबा लावला आणि तोच दोनदा खाल्ला. भाजी संध्याकाळपर्यंत आंबते, म्हणून ती दुपारीच संपवायची. रात्रीसाठी दोन पोळ्या कागदात गुंडाळून ठेवायच्या आणि घरून आलेल्या शेंगदाण्याच्या चटणीशी खायच्या. पैसे आले ते एकरकमी, आणि त्याच आठवड्यात उधारीत गेले. माझं ठाम मत आहे, भोजनाचा भत्ता बाकीच्या रकमेतून वेगळा काढून महिन्याच्या महिन्याला द्यावा. खोलीभाड्यासाठी घरमालकाला थोडं थांबवता येतं.

नाशिक, बी.ए. झाले, आता नोकरी
आमच्या मुलींच्या आदिवासी वसतिगृहात मेस होती. एप्रिल 2018 मध्ये निर्णय झाला आणि जेवणाचे पैसे थेट खात्यात जमा व्हायला लागले. मुलांना ते चाललं असेल. आमच्याकडे रात्री आठला गेट बंद व्हायचं आणि जवळची खाणावळ साडेसातला उघडायची. अर्ध्या तासात जा, रांगेत थांबा, जेवा, परत या. पावसात तर बिस्किटावरच भागवायचो.

दुसरं दुखणं कुणी बोलत नाही. खात्यात पैसे पडले की घरून फोन येतो. धाकटा भाऊ दवाखान्यात आहे म्हटल्यावर मेसचे पैसे कोण धरून ठेवेल? घरच्यांना मी दोष देत नाही. पण ताटात वाढलेली भाकरी कुणी गावी मागवून घेऊ शकत नाही. जुलै 2018 मध्ये पुण्याहून नाशिककडे विद्यार्थ्यांचा पायी मोर्चा निघाला, तो मेस परत मिळावी याचसाठी. मला ती मागणी आजही पटते.

नंदुरबार, डी.एड.
ताई, आमचा अनुभव उलटा. ठेकेदाराची डाळ म्हणजे पिवळं पाणी. पैसे खात्यात आल्यावर आम्ही चौघांनी मिळून स्वयंपाक केला आणि पहिल्यांदा पोटभर जेवलो.

छत्रपती संभाजीनगर, बी.एस्सी.
शिवभोजन 26 जानेवारी 2020 ला सुरू झालं. दहा रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण, भात. चव घरगुती, वाढणाऱ्या मावशी मायाळू. पण थाळ्या मोजक्याच. प्रॅक्टिकल सुटून पोचेपर्यंत बऱ्याचदा संपलेल्या असायच्या. शहरात सरकार थाळीमागे शिवभोजन केंद्राला 40 रुपये देतं, ते थकले की आमचं केंद्र चार-चार दिवस बंद.

कोल्हापूर, एम.ए. (घर बीड जिल्ह्यात)
रेशनबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. घरचं कार्ड प्राधान्य कुटुंबाचं असेल, तर माणशी महिना पाच किलो धान्य मिळतं, जानेवारी 2023 पासून तेही फुकट. तुमच्या वाट्याचं धान्य तुम्ही शिकता त्या शहरातल्या रेशन दुकानातही उचलता येतं. कार्डात तुमचं नाव हवं आणि आधार जोडलेलं हवं. दुकानदार आधी म्हणाला, "कार्ड इथलं नाही." मी म्हटलं, मशीनवर नंबर तर टाका. अंगठा लावला, पावती निघाली. घरी मात्र आधी सांगून ठेवा. सगळ्यांचं धान्य गावीच उचललं गेलं, तर तुमच्या वाट्याला त्या महिन्यात काही उरत नाही.

लातूर, मेस चालवते
मी विद्यार्थिनी नाही, तरी लिहिते. माझ्या वहीत काही नावांपुढे 'योजना' असं लिहिलेलं असतं. त्यांचे पैसे आले की घ्यायचे. पण किराणावाला दोन महिन्यांपुढे थांबत नाही आणि सिलिंडर रोखीनेच येतं, त्यामुळे अशी पोरं मला मोजकीच ठेवता येतात. एकाने मागे सलग खाडा टाकला. मला वाटलं गावी गेला. तो रूमवरच होता, बाकी वाढू नये म्हणून येत नव्हता. तेव्हापासून सांगून ठेवलंय, हप्ता थकला असेल तर खाडा टाकायचा नाही, जेवायला यायचं.

पुणे, पुन्हा मी
काकू, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. नवीन अर्ज भरणाऱ्यांनी आधार नक्की कोणत्या बँक खात्याला जोडलंय ते आधी तपासा. माझ्या मैत्रिणीचे पैसे शाळेतल्या जुन्या खात्यात जाऊन पडले होते आणि ती इकडे नव्या पासबुकात एंट्री मारत बसली होती. 'स्वयं'चा हप्ता यंदा कुणाला आला असेल तर तेही लिहा.