कोकणातलं आडगाव: घर, जमीन आणि वाट – तुमचे अनुभव लिहा

गणपतीपुळे, गुहागर, तारकर्ली यांच्याबद्दल भरपूर लिहून झालंय. नाव सांगितल्यावर समोरचा "हे नक्की कुठे आलं?" असं विचारतो, त्या गावांबद्दल इथे लिहूया. पडकं घर, सातबारा, एसटी, पावसाळा, घरातल्या वयस्कर माणसांचं आजारपण, काहीही चालेल. जाहिरातीत "निसर्गाच्या कुशीत" वाचून जमीन घ्यायला निघालेल्या माणसाला तिथे राहणाऱ्यांचं म्हणणं आधी कळायला हवं, असं मला मनापासून वाटतं. सुरुवात मी करते.

राजापूर तालुका, नोकरी मुंबईत

आमचं घर जांभ्या चिऱ्याचं, मंगळुरी कौलांचं. पणजोबांनी बांधलं. आज सातबाऱ्यावर सामायिक खातेदारांची यादी दीड पान आहे आणि त्यातले निम्मे लोक हयात नाहीत. आजोबांच्या पिढीनंतर वारसनोंदीच कुणी केल्या नव्हत्या. पश्चिमेची भिंत पावसाने फुगली तेव्हा दुरुस्ती करू म्हटलं, तर चुलत्यांचा पहिला प्रश्न: "खर्च तू केलास म्हणून उद्या घर तुझं म्हणशील का?"

प्रश्न रास्त होता. घरपट्टी वर्षानुवर्षं आम्हीच भरतोय, पण असेसमेंटचा (घरपट्टीच्या नोंदीचा) उतारा म्हणजे मालकी नव्हे. मग एका गणपतीत सगळे गावी आले होते, तेव्हा ओटीवर बसून वंशावळ लिहून काढली. सर्वांत जास्त वेळ गेला तो मृत्यूचे दाखले जमवण्यात. पूर्वी बाहेरगावी वारलेल्यांचे दाखले त्या त्या ठिकाणाहून आणावे लागले. आत्यांची नावं लावायला काहींचा विरोध होता. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलींचा हक्क मुलांइतकाच आहे, हे वकिलांनी सगळ्यांसमोर सांगितलं आणि तो विषय मिटला. मला त्याचं फार बरं वाटलं. आत्या दर शिमग्याला येऊन त्या घराची जमीन सारवायची, मुंबईकर भाऊ नव्हेत.

वारसांचे फेरफार (सातबाऱ्यावर नावं बदलल्याच्या नोंदी) झाले. आता जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली सहमतीने वाटप मागतोय. सगळ्यांच्या सह्या असतील तर तहसीलदारांकडे काम होतं. एकानेही हक्काबद्दल वाद घातला की दिवाणी कोर्ट. म्हणून सांगते, जी पिढी एकमेकांशी बोलते आहे तिच्याच हयातीत हे उरका.

लांजा तालुका

येण्याजाण्याबद्दल लिहितो. आमचं स्टेशन विलवडे. तिथे दिवा–सावंतवाडी थांबते, पण पुढे वाडीपर्यंत रिक्षा आधी सांगून ठेवावी लागते. गावाला खरा आधार एसटीच्या वस्तीच्या गाडीचा. संध्याकाळी तालुक्याहून निघते, रात्री गावात मुक्काम करते, पहाटे परत जाते. कॉलेजची मुलं, दूध, काजू बी, दवाखान्याला निघालेली आजी, सगळं तिच्यातच. ही फेरी बंद झाली की वर्षभरात दहावीनंतरच्या मुली घरी बसलेल्या दिसतात. पर्यटनाच्या गप्पांआधी मला ही गाडी महत्त्वाची वाटते.

नव्या लोकांसाठी: जूनच्या मध्यापासून कोकण रेल्वेवर पावसाळी वेळापत्रक असतं, गाड्यांचा वेग कमी असतो आणि वेळा बदलतात. आरक्षण 1 नोव्हेंबर 2024 पासून 60 दिवस आधी उघडतं, पूर्वी 120 होते. गणपतीचं गणित त्यावर मांडा.

संगमेश्वर तालुका, निवृत्तीनंतर गावीच

आम्ही दोघं बारमाही गावात असतो. मे महिन्यात जे येतात ते आंबे-फणस पाहून भुलतात. त्यांना मी म्हणते, जुलैत या. वाऱ्याने वायर तुटली की वीज दोन दोन दिवस येत नाही, मोबाइलला रेंज नाही, कपडे चुलीवरच्या वाळवणीवर वाळतात. मिरगाआधी आगोट भरावी लागते: तांदूळ, डाळी, मीठ, सुकी मासळी, सुकी लाकडं, गॅसचा जादा सिलिंडर. पागोळ्यांचं पाणी खळ्यातून वाहून जायला चर साफ हवेत, नाहीतर पडवीत पाणी.

आणि विंचूकाट्याचं मनावर घ्या. आमच्याकडे फुरसं फार. लहान साप, पाचोळ्यात आणि चिऱ्यांच्या ढिगात दिसत नाही. संध्याकाळी बॅटरी आणि बूट हे माझे नियम. कुणाला चावलं तर बांधणं, कापणं, मंत्र काहीही नको. हालचाल कमी ठेवून थेट रुग्णालय. आपल्याकडची प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालते. ती जवळ कुठे मिळते हे आरोग्य केंद्रात पावसाआधीच विचारून ठेवा. 108 ला फोन लावायला रेंज कुठल्या टेपावर येते, तेही ठरलेलं असू दे. आमच्या वाडीत पोराटोरांनाही ती जागा पाठ आहे.

एवढं सगळं असून मी शहरात परत जाणार नाही. लावणीच्या दिवसांत सगळी वाडी एकमेकांच्या शेतात राबते आणि मला वयामुळे वाकता येत नाही, तर पेज घेऊन बांधावर जायचं काम माझं. हे माझं काम आहे, असं तिथे सगळे धरून चालतात.

मूळचे साताऱ्याचे, जमीन कुडाळ तालुक्यात

जमीन घेतानाचं लिहितो, विशेषतः कोकणाबाहेरच्यांसाठी. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला तुम्ही शेतकरी असावं लागतं. तसे नसाल तर कुळकायद्याच्या कलम 63 प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दलाल हे शेवटी सांगतात. माझ्याकडे वडिलांचा सातबारा होता, म्हणून अडलं नाही. मी चालू उताऱ्यावर न थांबता जुने फेरफार काढले. इतर हक्कात कुळाचं (जमीन कसणाऱ्याचं) नाव किंवा कुळकायद्याच्या कलम 43 चा शेरा असेल तर त्याची आधी चौकशी करा. सरकारी मोजणी करून तिच्या नकाशाची क प्रत घेतली, हद्दीचे दगड डोळ्यांनी पाहिले.

एका शेजारच्या आजोबांचा सल्ला या सगळ्याहून मोलाचा ठरला: "मे म्हयन्यात येवन बघ, मगे बाव काय ता सांगतली." बाव म्हणजे विहीर. जांभ्या कातळात पाणी धरत नाही. हजारो मिलीमीटर पाऊस झालेल्या गावातही एप्रिलनंतर विहिरी तळ गाठतात. पाहिलेल्या जमिनींपैकी एक मी केवळ तिथल्या विहिरीमुळे सोडली.

"वाट आहे" या शब्दावरही जाऊ नका. पाणंद (शेतातली वाट) नकाशावर आहे की कुणाच्या मेहेरबानीवर, ते बघा. वापरातली वाट कुणी अडवली तर 1906 च्या मामलतदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदारांकडे दाद मागता येते, पण सहा महिन्यांच्या आत. मी मात्र आधी वरच्या घरी जाऊन बसलो. चहा झाला, गडग्याची (दगडी कुंपणाची) बाजू ठरली, कागद नंतर केला.

श्रीवर्धन तालुका

थोडक्यात लिहितो. 3 जून 2020 ला निसर्ग वादळात आमची सुपारीची वाडी गेली. माडही पडले. सुपारी धरायला सहा-सात वर्षं लागतात, म्हणून कितीतरी जणांनी पुन्हा लावलीच नाही. आम्ही लावली. बागायत विकत घेणाऱ्यांनी झाडं मोजताना त्यांची वयंही विचारावीत.

दोडामार्ग तालुका

माझं वय तिशीच्या आत, काजूवर घर चालतं. वेंगुर्ला 4 आणि 7 या काजूच्या जातींची कलमं आहेत. तिलारी खोऱ्यात कर्नाटकातून हत्ती उतरतात, केळी आणि माड मोडतात. वानर तर रोजचे. पण बागेचा घात होतो वणव्याने. फेब्रुवारीपासून गवत वाळतं, कुणीतरी विडी टाकतं आणि बाहेर राहणाऱ्या मालकाच्या न साफ केलेल्या जमिनीतून आग आमच्यात येते. जमीन घेऊन कुलूप लावून जाणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे: जानेवारीत हद्दीवरचं गवत काढून घ्या. गावात मजुरीला माणसं मिळतात, फोन केलात तरी काम होतं. आणि तुमचा नंबर शेजाऱ्याकडे असू द्या.