मोठेबाबांनी सॅक्सोफोन परत हाती घ्यावा का? मत सांगा

धुऱ्यावरचा:
आमचे मोठेबाबा ३० वर्ष दारव्ह्याकडं बॅन्ड पार्टीत सॅक्सोफोन वाजवत. लग्नात डीजे आले, सुपाऱ्या गेल्या, ५ वर्षांपूर्वी त्यांनी पेटी माळ्यावर टाकली. दिवाळीच्या साफसफाईत ती खाली आली अन् घरात वाद सुरू. मी म्हणतो वाजवू द्या ना. अमेरिकेतला जॅझ सॅक्सोफोनवाला सनी रोलिन्स पहा, १९५९ मध्ये नाव जोरात असताना स्टेज सोडलं, काहून तं स्वतःचंच वाजवणं स्वतःले पटत नव्हतं. शेजारची बाई गरोदर, तिले त्रास नको म्हणून न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर जाऊन रियाज करे, अन् १९६१ मध्ये परत आला. मग यायले काहून अडवता?

कापूसवाला:
भाऊ, उदाहरण चुकलं तुमचं. तो तेव्हा २८ चा होता, मोठेबाबा ६८ चे. अन् शेवटी त्याले थांबवलं कशानं? फुफ्फुसानंच. पल्मनरी फायब्रोसिस झाला, म्हणजे फुफ्फुसं कडक होत जातात तो आजार, २०१२ नंतर स्टेजवर वाजवलंच नाई त्यानं. मोठेबाबा सीझनभर जिनिंगवर राहत, ती कापसाची धूळ छातीत बसली असंन तं? लोकांच्या मनात त्यांचा जो सूर आहे तो तसाच राहू द्या, मले तं हेच बरं वाटते.

क्लॅरनेट_यवतमाळ:
कापूसवाल्याले अर्धं मानतो. पण सूर जपून ठेवायची वस्तू आहे का? आधी छाती दाखवा डॉक्टरले. मग दात, सॅक्समध्ये वरचे दात माउथपीसवर, म्हणजे तोंडात धराच्या भागावर, टेकतात, कवळी हलली की सूर हलते. रीड, म्हणजे माउथपीसले लावाची ती पातळ पट्टी, नरम घ्या, कमी नंबरची, दम कमी लागते.

धुऱ्यावरचा:
काल रात्री पाह्यलं मी. जुनी रीड कडेला तडकली होती, तरी त्यांनी ती तोंडात धरून ओली केली, बराच वेळ, डोळे मिटून. मग फुंकलं तं नुसती हवा गेली, भोकं झाकणाऱ्या वरच्या दोन पॅडचं चामडं वाळून उठलंय. तिसऱ्या फुंकीले एक सूर निघाला, फाटका, अन् मोठीआई भाकर तव्यावर टाकून दारात येऊन उभी राह्यली. कोणाले ऐकवाले नाई वाजवत ते, कापूसवाला भाऊ. रोलिन्सनं पुढं दुसऱ्यांदाही वाजवणं सोडलं होतं, त्या काळात आपल्या पवईच्या आश्रमात राहून गेला, अन् १९७२ ले परत उभा राह्यला.

कापूसवाला:
मंग एक्सरे काढा पयले. रिपोर्ट चांगला आला तं पॅड बदलाचा खर्च अर्धा माझा. पण वरातीत उभं करू नका त्यांले, ते मी अजूनही मानत नाई.