माधवाची श्रेणी शंभर वर्षं कुणामुळे अडली?

मूळ मुद्दा:
१ मधून १/३ वजा करा, १/५ मिळवा, १/७ वजा करा, असं करत राहा. येणाऱ्या उत्तराची चौपट म्हणजे पाय (π). केरळातल्या संगमग्रामच्या माधवाची ही श्रेणी, साधारण १४०० च्या आसपासची. युरोपात ग्रेगरी आणि लायब्निट्झ तिथे पोचले १६७० च्या दशकात. ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी चार्ल्स व्हिश याचा त्यावरचा निबंध १८३० च्या दशकात लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीने छापला. पण या श्रेणीची सिद्धता देणाऱ्या 'युक्तिभाषा' या केरळी ग्रंथाचा गणिताचा भाग सटीप छापून यायला १९४८ उजाडलं! या शंभर वर्षांचा दोष मी आपल्याच माथी मारतो. पोथी घरात होती, उघडली नाही.

प्रतिसाद १:
साफ अमान्य. व्हिशच्या आधीच, १८२५ साली, कंपनीच्याच सेवेतल्या जॉन वॉरनने अशा श्रेणींचा उल्लेख केला होता. तेव्हा त्याच्या ओळखीच्या जॉर्ज हाइनचं ठाम मत होतं की हे हिंदूंचं नाहीच, युरोपियनांकडून शिकलेलं आहे. माधव वारल्यावर कितीतरी वर्षांनी, १४९८ साली, वास्को द गामा कालिकतला उतरला. मग शिकवलं कुणी? पुरावा समोर ठेवूनही ऐकायचंच नाही असं ठरवलेल्यांना पोथी उघडून काय दाखवणार होतात?

प्रतिसाद २:
भाषेचं काय? 'युक्तिभाषा' मल्याळममध्ये आहे. काशीच्या पंडितालाही ती वाचता आली नसती, लंडन तर दूरच. आणि दुर्लक्ष सरसकट नव्हतं. भास्कराचार्यांची 'लीलावती' कोलब्रुकने १८१७ सालीच इंग्रजीत नेली. चाळीसगावजवळच्या पाटणचा १२०७ चा शिलालेख भाऊ दाजींनी उजेडात आणला. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ काढल्याचं त्यात कोरलंय. ज्याच्यामागे मठ आणि अनुवादक उभे राहिले, ते टिकलं.

मूळ मुद्दा मांडणारा:
हाइनचा पूर्वग्रह मान्य. भाषेचा मुद्दाही पटला. पण आमच्या आजोबांकडे लाल रुमालात बांधलेल्या पोथ्या होत्या. वाळवी लागली म्हणून वडिलांनी त्या गोदावरीत सोडल्या. मी दहा वर्षांचा होतो, गाठोडं माझ्याच हातात होतं. आत ज्योतिष होतं, गणित होतं की नुसती स्तोत्रं, घरात कुणीच पाहिलं नाही. त्या दिवशी तिथे एकही इंग्रज नव्हता.